नोरा रॉबर्ट्सनी इतकी पुस्तकं लिहिली तरी कशी? रोमान्स कादंबरीचा धंदा, सोप्या भाषेत

अमेरिकन रोमान्स लेखिका नोरा रॉबर्ट्स यांचं नाव निघालं की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, "बाई लिहीत नाहीत, कारखाना चालवतात" आणि दुसरं, "छे, कोणीतरी लिहून देत असणार". आकडाच तसा आहे म्हणा. सव्वादोनशेच्या वर कादंबऱ्या, २०११ पर्यंतचा हिशोब धरला तर न्यूयॉर्क टाइम्सच्या बेस्टसेलर यादीत सगळे मिळून ८६१ आठवडे, त्यातले १७६ पहिल्या नंबरवर, आणि छापलेल्या प्रती तर ५० कोटींच्या पुढे सांगतात. आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा हजाराच्या वर आहेत, त्यामुळे ढीगभर लिहिणारा माणूस मराठी वाचकाला अगदीच नवा नाही, पण लिखाणातून एवढा पैसा आणि एवढी सत्ता हाताशी आलेली लेखिका मात्र आपल्याला नवीच आहे.

माझं म्हणणं असं की हे कोडं बाईंच्या हुशारीकडे बघून सुटत नाही, त्या ज्या धंद्यात शिरल्या तो धंदा आधी कळला पाहिजे. रोमान्स कादंबरीचा बाजार हा बाकी साहित्यापेक्षा एकदम वेगळ्या नियमांवर चालतो, तिथे भरभर लिहिणं हा दोष नाही, ती नोकरीची अटच आहे समजा. नोराबाईंनी ती अट पाळली आणि मग हळूहळू धंद्यालाच आपल्या सोयीप्रमाणे वाकवलं.

तर आधी रोमान्स म्हणजे काय ते. आपण ढोबळपणे कुठल्याही प्रेमकथेला रोमान्स म्हणतो, पण अमेरिकेत या धंद्यातले लोक तसं म्हणत नाहीत. तिथे रोमान्स लेखकांची एक संघटना १९८० मध्ये सुरू झाली, तिच्या व्याख्येत दोनच गोष्टी आहेत: कथेच्या मध्यभागी प्रेम हवं, आणि शेवट समाधानाचा, आशेचा हवा. म्हणजे शेवटी दोघं मेली, किंवा घरच्यांच्या दबावाने वेगळी झाली आणि पाऊस पडला, तर ती प्रेमकथा असेल, ग्रेट असेल, पण रोमान्स नाही. वाचकाला पहिल्या पानावरच माहीत असतं की दोघं एकत्र येणार, उत्सुकता असते ती "कसे" याची. यावर लोक नाक मुरडतात की शेवट माहीतच आहे तर वाचायचं कशाला, पण मग रहस्यकथेत तरी खुनी सापडणार हे माहीतच असतं की.

आता दुकान. १९०८ मध्ये लंडनमध्ये जेराल्ड मिल्स आणि चार्ल्स बून या दोघांनी मिल्स अँड बून काढली, तेव्हा ते सगळंच छापायचे. १९३० च्या दशकात त्यांच्या लक्षात आलं की पैसा भाड्याने पुस्तकं देणाऱ्या लायब्ऱ्यांमध्ये आहे आणि तिथे बायका प्रेमकथा नेतात, एक संपली की दुसरी, मग त्यांनी बाकीचं कमी करत तेवढंच धरलं. पुस्तकांना तपकिरी बांधणी असायची त्यामुळे लेखिकेचं नाव कोणी विचारायचंच नाही, तपकिरी पुस्तक द्या म्हटलं की झालं. ब्रँड लेखिकेपेक्षा मोठा. हे लक्षात ठेवा, पुढे याच गोष्टीशी नोराबाईंची गाठ आहे.

तिकडे कॅनडात विनिपेगला १९४९ मध्ये हार्लेक्विन नावाची कंपनी सुरू झाली, ती दुसऱ्यांची पुस्तकं स्वस्तात पेपरबॅकमध्ये छापायची. १९५७ पासून ते मिल्स अँड बूनच्या कादंबऱ्या छापायला लागले आणि १९७१ मध्ये तर अख्खी मिल्स अँड बूनच विकत घेतली. त्याच सुमारास हार्लेक्विनची सूत्रं लॉरेन्स हायझी नावाच्या माणसाकडे आली, हा गृहस्थ प्रॉक्टर अँड गॅम्बलमधून आलेला, म्हणजे साबण आणि पावडर विकण्यात मुरलेला. त्याने पुस्तक साबणासारखंच विकायला काढलं. पुस्तकांच्या दुकानात कशाला, बाई किराणा घ्यायला सुपरमार्केटमध्ये जाते ना, तिथेच रॅक लावा, एकसारखी कव्हरं, एकसारखी किंमत, फुकट सँपल, आणि घरपोच मासिक वर्गणी. बघता बघता उत्तर अमेरिकेत रोमान्स म्हणजे हार्लेक्विन असं समीकरण झालं.

या प्रकाराला कॅटेगरी रोमान्स म्हणतात. कंपनीची एक "लाइन" असते, दर महिन्याला त्या लाइनमध्ये ठरलेली चार-सहा पुस्तकं येतात, पानं ठरलेली, प्रेमप्रसंग किती मोकळे ते ठरलेलं, कव्हरवर नंबर असतो. आणि महिना संपला की ती पुस्तकं रॅकवरून उतरतात, नव्या महिन्याची चढतात. लेखिकेने वर्षभर घाम गाळलेलं पुस्तक दुकानात जेमतेम चार आठवडे दिसणार.

उतरलेल्या पुस्तकांचं काय होतं ते फार कमी लोकांना माहिती असतं. स्वस्त पेपरबॅक परत पाठवायचा खर्च पुस्तकापेक्षा जास्त, म्हणून दुकानदार फक्त पुढचं कव्हर टराटरा फाडतो, कव्हरांचा गठ्ठा प्रकाशकाकडे पाठवतो, त्यावर त्याला पैसे परत मिळतात आणि उरलेलं पुस्तक लगद्याला जातं. जुन्या अमेरिकन पेपरबॅकच्या आतल्या पानावर बारीक अक्षरात एक सूचना असते की हे पुस्तक तुम्ही कव्हरशिवाय विकत घेतलं असेल तर ते चोरीचं समजा, लेखकाला किंवा प्रकाशकाला याचा पैसा मिळालेला नाही. फुटपाथवरून घेतलेलं एखादं जुनं अमेरिकन पेपरबॅक घरात असेल तर उघडून बघा, बऱ्याचदा ती सूचना सापडते.

तर अशा धंद्यात वर्षाला एक पुस्तक लिहिणारी बाई उपाशी मरते, सरळ हिशोब आहे.

आता नोराबाई. मूळ नाव एलेनॉर मेरी रॉबर्टसन, जन्म १० ऑक्टोबर १९५०, अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यातलं सिल्व्हर स्प्रिंग. पाच भावंडांत शेंडेफळ, आयरिश वळणाचं घर, घरात सगळे वाचणारे, काही काळ कॅथलिक शाळेत नन्सच्या हाताखाली, आणि अंगात शिस्त भिनली ती त्या नन्समुळेच असं त्या सांगतात. १९६८ मध्ये लग्न, मग मेरीलँडच्या पश्चिमेकडच्या डोंगराळ भागात बिऱ्हाड. थोडे दिवस एका वकिलाच्या ऑफिसात सेक्रेटरी होत्या, तिथे स्पेलिंगची बोंब असं स्वतःच सांगतात. मग दोन मुलगे झाले, घरी राहिल्या, आणि शिवण, मातीकाम, मुरांबे घालणं, ब्रेड भाजणं असले सगळे उद्योग केले. कॉलेजची डिग्री नाही, लेखनाचा कोर्स नाही, ओळखीपाळखी तर अजिबात नाहीत.

फेब्रुवारी १९७९ मध्ये तिकडे जोरदार हिमवादळ आलं. तीन फूट बर्फ, बालवाडी बंद, तीन आणि सहा वर्षांची दोन पोरं घरात कोंडलेली आणि चॉकलेट संपत आलेलं. बाईंनी एक वही घेतली, पेन्सिल घेतली आणि डोक्यात असलेली एक गोष्ट उतरवायला लागल्या. अशा गोष्टी नंतर सांगताना थोड्या चकचकीत होतातच, पण ही त्यांनी इतकी वर्षं त्याच तपशिलांनी सांगितली आहे की मी तरी मान्य करून टाकलीये.

पुढचं जास्त इंटरेस्टिंग आहे. लिहिलेलं हार्लेक्विनला पाठवलं, कारण दुसरं कोणी होतंच कुठे. सगळं साभार परत. एका हस्तलिखितासोबत तर असा शेरा आला की लिखाण बरं आहे, पण आमच्याकडे आमची अमेरिकन लेखिका आधीच आहे. एक. अख्ख्या अमेरिकेला एक! हार्लेक्विनच्या बाकी लेखिका मुख्यतः इंग्लंड आणि कॉमनवेल्थ देशांतल्या, आणि त्यांच्याकडची ती एकुलती एक अमेरिकन म्हणजे जॅनेट डेली. हे नाव परत येणार आहे, आणि काय पद्धतीने येणार आहे ते एखाद्या कादंबरीत घातलं असतं तर संपादकाने "फारच जुळवून आणलंय" म्हणून खोडलं असतं.

नशीब कुठे उघडलं तर दोन कंपन्यांच्या भांडणात. अमेरिकेत हार्लेक्विनची पुस्तकं दुकानांपर्यंत पोचवायचं काम सायमन अँड शूस्टर या अमेरिकन प्रकाशकाकडे होतं, हार्लेक्विनने ते काम काढून घेतलं, मग सायमन अँड शूस्टर म्हणाले, ठीक आहे, आम्हीच रोमान्स छापतो. १९८० मध्ये त्यांनी सिल्हूट नावाने नवी लाइन काढली आणि हार्लेक्विनने परत पाठवलेल्या सगळ्या अमेरिकन बायकांना दार उघडलं. नोराबाईंची पहिली कादंबरी तिथून १९८१ मध्ये आली, आयरिश थरोब्रेड, आयर्लंडहून मेरीलँडच्या घोड्यांच्या फार्मवर आलेली मुलगी आणि त्या फार्मचा मालक. खरं सांगायचं तर पुस्तक काही खास नाही, नायक जरा जास्तच दादागिरी करतो, त्या काळच्या सगळ्याच नायकांसारखा.

नाव लहान का केलं? तर त्यांना वाटायचं सगळ्याच लेखकांना टोपणनाव असतं, म्हणून एलेनॉर मेरी रॉबर्टसनचं नोरा रॉबर्ट्स. एवढंच.

१९८२ ते १९८४ या तीन वर्षांत त्यांनी सिल्हूटसाठी २३ कादंबऱ्या लिहिल्या. या काळात पहिलं लग्न मोडलं, १९८३ मध्ये घटस्फोट, दोन मुलं पदरात. म्हणजे हे २३ चं प्रकरण प्रतिभेचा झरा वगैरे नसून घर चालवायचं होतं असं मला वाटतं, आणि त्यात कमीपणा काय आहे? हो, आणि पुस्तकांचे रॅक करून घ्यायला त्यांनी एका सुताराला बोलावलं होतं, ब्रूस वाइल्डर, १९८५ मध्ये त्याच्याशी लग्न केलं. रोमान्स लेखिकेच्या घरी पुस्तकांच्या कपाटाच्या कामाला आलेला माणूस नवरा झाला, हे बनवून सांगितलं असतं तर कोणी विश्वास ठेवला नसता.

आता पैशाचं गणित बघू, कारण "इतकी पुस्तकं का" याचं उत्तर तिथेच आहे. प्रकाशक आधी ॲडव्हान्स देतो, म्हणजे उचल. नंतर प्रत्येक विकलेल्या प्रतीमागे रॉयल्टी, पण ती आधी उचलीतून वळती होते, उचल फिटली की पुढचे पैसे हातात. समजा पुस्तकाची किंमत दीड डॉलर आहे आणि रॉयल्टी ६ टक्के, म्हणजे प्रतीमागे ९ सेंट. एक लाख प्रती खपल्या तर ९,००० डॉलर, आणि एवढ्या खपल्या म्हणजे चांगल्याच खपल्या. शिवाय प्रकाशक लगेच सगळे देत नाही, किती कव्हरं फाडून परत येतील ते बघून मग हिशोब, म्हणजे मधे सहा महिने-वर्ष असंच जातं. या गणितात एका पुस्तकावर संसार होत नाही, दोनावर ओढाताण, वर्षाला पाच-सहा झाली तर जरा श्वास.

पण दुसरी बाजू बघा. समजा तुमची जुनी २० पुस्तकं आहेत, ती परत छापली गेली आणि प्रत्येकाच्या फक्त दहा हजार प्रती गेल्या, तरी त्याच दराने १८,००० डॉलर, आणि त्यासाठी नवीन एक ओळ लिहावी लागली नाही. याला धंद्यात बॅकलिस्ट म्हणतात. नवीन पुस्तक आवडलं की वाचक विचारतो हिचं आधीचं काय आहे, आणि तिथे शेल्फभर माल तयार असतो. गोम एकच आहे की कॅटेगरीचं पुस्तक महिन्यात गायब होतं, त्यामुळे बॅकलिस्टचा फायदा तेव्हाच मिळतो जेव्हा वाचक लाइनच्या नावाने नाही तर तुमच्या नावाने पुस्तक मागायला लागतो. तपकिरी पुस्तक द्या असं नाही, नोरा रॉबर्ट्सचं द्या असं.

हे कसं घडवलं? दोन गोष्टी मला दिसतात. पहिली लिखाणातली. जुन्या कॅटेगरी रोमान्समध्ये सगळं नायिकेच्या नजरेतून, ती विशीतली, गरीब, नर्स किंवा सेक्रेटरी, आणि नायक म्हणजे बंद दरवाजा, त्याच्या मनात काय चाललंय ते शेवटच्या पाच पानांत कळणार. नोराबाईंनी नायकाच्या डोक्यातही शिरायला सुरुवात केली, तो घाबरतो, गोंधळतो, भावाशी भांडतो हे दिसायला लागलं, आणि नायिकांना पोटापाण्याचे खरे उद्योग दिले. त्या एकट्याच हे करत होत्या असं नाही, ८० च्या दशकातल्या अमेरिकन लेखिकांची अख्खी पिढी ते करत होती, पण यांचे संवाद जास्त चुरचुरीत होते, लोक एकमेकांशी माणसांसारखे बोलतात.

दुसरी गोष्ट म्हणजे घराणं. १९८५ मध्ये मॅकग्रेगर कुटुंबाची मालिका सुरू झाली. यात एक डॅनियल मॅकग्रेगर नावाचा म्हातारा आहे, गडगंज, स्कॉटिश, बायकोची नजर चुकवून सिगार ओढणारा, आणि त्याला फक्त एकच काळजी की पोरांची लग्नं कधी होणार आणि नातवंडं कधी येणार. मग हा गुपचूप स्थळं जुळवतो. आपल्याकडच्या वाचकाला हा माणूस समजावून सांगायची गरजच नाही, प्रत्येक लग्नात असे दोन-चार भेटतात. एका भावाची गोष्ट वाचली की बहिणीचं काय झालं ते हवंच, आणि ते पुढच्या पुस्तकात. वाचक लाइन सोडून घराण्याच्या मागे लागला, म्हणजे पर्यायाने लेखिकेच्या मागे. १९८६ मध्ये रोमान्स लेखकांच्या त्या संघटनेने हॉल ऑफ फेम सुरू केला तेव्हा त्यात पहिलं नाव यांचं गेलं.

मग पायरी पायरीने वर. १९८७ पासून बँटम या प्रकाशकासाठी मोठ्या, स्वतंत्र कादंबऱ्या, ज्यांना धंद्यात सिंगल टायटल म्हणतात, कुठल्या लाइनचा शिक्का नाही, महिन्यात उतरवायची सक्ती नाही. १९९२ पासून पुटनम या दुसऱ्या प्रकाशकाकडे हार्डकव्हर, तिथे किंमत जास्त आणि रॉयल्टीचा टक्काही जास्त. गंमत म्हणजे तोवर हार्लेक्विनने १९८४ मध्येच सिल्हूट विकत घेऊन टाकली होती, म्हणजे ज्यांनी साभार परत केलं त्यांच्याच घरात बाई न विचारता जाऊन पोचल्या.

इथे एक नवीन अडचण आली, आणि ती फारच कमी लेखकांना येते. बाई लिहीत होत्या त्या वेगाने पुटनमला छापता येईना. एका लेखिकेची वर्षाला इतकी पुस्तकं आली की दुकानदार गोंधळतो, एक दुसऱ्याचा खप खातं. प्रकाशक म्हणाले दुसऱ्या नावाने लिहा, बाई आधी तयार नव्हत्या. मग त्यांच्या एजंटने समजावलं की बघ, पेप्सी असते, डाएट पेप्सी असते आणि कॅफीन नसलेली पेप्सीही असते, तिन्ही विकल्या जातात. हे पटलं. दोन्ही मुलांची, जेसन आणि डॅन यांची आद्याक्षरं घेतली, रॉबर्ट्सचं रॉब केलं, आणि १९९५ मध्ये जे. डी. रॉब या नावाने २०५८ सालच्या न्यूयॉर्कमधल्या ईव्ह डॅलस या पोलिस अधिकारी बाईची पहिली कादंबरी आली. खून, तपास, आणि रोर्क नावाचा आयरिश अब्जाधीश. सुरुवातीला खरी लेखिका कोण हे उघड केलं नव्हतं, मालिका स्वतःच्या बळावर उभी राहिल्यावर सांगितलं. आजवर या मालिकेतल्या कादंबऱ्यांनी साठी ओलांडलीये, आणि मला विचाराल तर बाईंचं सगळ्यात चांगलं काम इथेच आहे, कारण रोमान्स शेवटी लग्नापाशी थांबतो आणि इथे लग्नानंतरचं साठ पुस्तकांचं नवरा-बायकोपण आहे, भांडणं, अबोले, कामाचा ताण, "तू जेवलीस का" सकट.

आता जॅनेट डेली. १९९७ मध्ये एका वाचक बाईने डेलींची नॉटोरियस आणि नोराबाईंची स्वीट रिव्हेंज या दोन कादंबऱ्या लागोपाठ वाचल्या आणि तिला परिच्छेदच्या परिच्छेद सारखे दिसले. तिने ते शेजारी शेजारी ठेवून ऑनलाइन टाकले. नोराबाईंपर्यंत पोचलं, त्या कोर्टात गेल्या, डेलींनी चोरी कबूल केली, मानसिक आजाराचं कारण दिलं. हार्लेक्विनची ती एकुलती एक अमेरिकन लेखिका, जिच्यामुळे यांना दार बंद झालं होतं, ती यांचंच उचलत होती, आणि एकाच पुस्तकातून नाही. १९९८ मध्ये तडजोड झाली, त्यातून आलेला पैसा बाईंनी साक्षरतेच्या कामाला दिला.

पैसा दिला, पण राग सोडला नाही. पुढे २०१९ मध्ये ब्राझीलमधल्या एका लेखिकेने बऱ्याच लेखकांचं उचलून पुस्तकं काढल्याचा आरोप झाला तेव्हाही बाईंनी तिकडे ब्राझीलच्या कोर्टात केस टाकली. त्या प्रकरणात भाड्याने लिहून देणाऱ्यांचा विषय निघाला होता, आणि यांच्यावर आयुष्यभर नेमका तोच संशय घेतला गेलाय, त्यामुळे त्यांनी तेव्हा जे लिहिलं ते चांगलंच कडक होतं.

मग त्या स्वतः कसं लिहितात? कंटाळवाणं उत्तर आहे, रोज सहा ते आठ तास, बसून. आधी आराखडा करत नाहीत. पहिला खर्डा मागे वळून न बघता पळत लिहून काढायचा, वाईट झाला तरी चालेल, मग पहिल्या पानापासून दुसऱ्यांदा जाऊन मांस भरायचं, तिसऱ्यांदा भाषा घासायची, आणि पाठवून द्यायचं. रिसर्च स्वतःच करतात, विमानाचा तिटकारा असल्यामुळे बराचसा घरबसल्या. लिहायचा मूड ही गोष्टच त्यांना मान्य नाही, नवशिक्यांना सल्लाही खुर्चीला बूड चिकटवा असाच असतो, त्यांचा मूळ शब्द तर याहून गावरान आहे. तर "कारखाना" म्हणणाऱ्यांना उत्तर हे की हो, आहे, फक्त त्यात कामगार एकच आहे. ४० वर्षांत सव्वादोनशे म्हणजे वर्षाला साडेपाचच्या वर, तीन खर्ड्यांसकट, हे अवघड आहे पण अशक्य नाही.

पैशाचं काय केलं तर पहिल्या लग्नापासून ज्या भागात राहिल्या तो सोडला नाही. जवळच बून्सबोरो नावाचं काही हजार वस्तीचं गाव आहे, तिथे नवऱ्याने १९९५ मध्ये पुस्तकांचं दुकान टाकलं. गावातली जुनी पडीक इमारत घेऊन तिचं हॉटेल करायला घेतलं तर काम चालू असतानाच फेब्रुवारी २००८ मध्ये आगीत गेली, परत बांधली आणि २००९ मध्ये उघडली. त्यातल्या खोल्यांना नंबर नाहीत, साहित्यातल्या जोडप्यांची नावं आहेत, पण अट एकच, ज्यांचा शेवट गोड झालाय अशीच जोडपी. 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मधल्या एलिझाबेथ आणि डार्सीची खोली आहे, ईव्ह आणि रोर्कची आहे. ज्युलिएटला तिथे खोली मिळत नाही.

एवढं असूनही मान मिळायला वेळ लागला. २००७ मध्ये टाइम मासिकाच्या शंभर प्रभावी लोकांच्या यादीत आल्या, पण वृत्तपत्रांच्या गंभीर समीक्षेत रोमान्सला जागा कायम कोपऱ्यातच. आणि २०२३ मध्ये फ्लोरिडातल्या मार्टिन काउंटीच्या शाळांच्या लायब्ररीतून त्यांची आठ पुस्तकं पालकांच्या तक्रारीवरून काढली, लग्नसमारंभ आयोजित करणाऱ्या चार मैत्रिणींच्या गोष्टींसकट. आपल्याला हसायचं कारण नाही, चंद्रकांत काकोडकरांच्या 'श्यामा' कथेवर १९६२ च्या 'रंभा' दिवाळी अंकावरून अश्लीलतेचा खटला झाला होता, मॅजिस्ट्रेटने सोडलं, हायकोर्टाने २५ रुपये दंड ठोठावला आणि १९६९ मध्ये सुप्रीम कोर्टाने निर्दोष म्हटलं. २५ रुपयांसाठी सुप्रीम कोर्टापर्यंत गेलेला माणूस, त्याच्याबद्दल वेगळं लिहायला पाहिजे खरंतर. प्रेमकथा खपतात आणि प्रेमकथा लिहिणाऱ्याला खाली बघायला लावतात, या दोन्ही गोष्टी सगळीकडे जोडीनेच चालतात.

आता वाचायचंच असेल तर. पहिल्या पुस्तकापासून सुरू करू नका, तिथे कंटाळा येईल. रोमान्स हवा असेल तर मॅकग्रेगर, खून हवा असेल तर जे. डी. रॉब, आणि रॉब मात्र क्रमानेच, नाहीतर ईव्हचं बालपण मधूनच कळून सगळी मजा जाते. सेकंडहँड घेताना एक सांभाळा. यांची जुनी सिल्हूटची पुस्तकं नवीन कव्हर लावून, दोन-दोन एकत्र बांधून, कधी नाव बदलूनही परत परत बाजारात येतात, बॅकलिस्टचं गणित सांगितलं ना वर, तेच. लोक नवीन समजून घेतात आणि घरी आल्यावर कळतं की हे आपलं वाचून झालंय. त्यासाठी बाईंच्या पुस्तकांवर गोलात एनआर अशी खूण टाकायला लागले, ती असेल तर ते पहिल्यांदाच छापलेलं पुस्तक. खूण नसेल तर आतलं पान उघडून कॉपीराइटचं साल बघा, १९८२-८३ निघालं तर ते त्या तेविसातलंच एखादं असायची शक्यता जास्त.